दुसऱ्या हंगामात स्ट्रायकरचे गोल का आटतात? फॉर्मेशन आणि रोल निवडताना काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुटबॉल क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम फुटबॉल मॅनेजर २०२४, फॉर्मेशन ४-२-३-१. पुढे ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड (बचावफळीच्या पाठीमागे पळणारा स्ट्रायकर), त्याच्या मागे शॅडो स्ट्रायकर (मागून गोलकडे घुसणारा), दोन्ही बाजूंना इनसाइड फॉरवर्ड (कडेवरून आत येणारे). पहिल्या हंगामात गोलांचा पाऊस पडला आणि संघ अपेक्षेपेक्षा बराच वर राहिला. दुसऱ्या हंगामात तीच टॅक्टिक, तोच स्ट्रायकर, आणि सामन्यामागून सामने कोरडे. बॉल ६५ टक्के वेळ आपल्याकडे, शॉट वीस, गोल शून्य, आणि वर एखाद्या काउंटरवर हार. फॉर्मेशन बदलायची, रोल बदलायचा, की स्ट्रायकरच विकायचा?

स्ट्रायकर विकू नका. फॉर्मेशनही इतक्यात मोडू नका. बदललंय ते तुमच्या समोरच्या संघाचं वागणं.

पहिल्या हंगामात तुमच्या क्लबची रेप्युटेशन कमी होती. समोरचा मॅनेजर जिंकायच्या हिशोबाने यायचा, त्याची बचावफळी वर सरकलेली असायची आणि तिच्या पाठीमागे गोलकीपरपर्यंत मोकळं मैदान असायचं. ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड जगतो तो याच मोकळ्या मैदानावर. आता तुम्ही वरच्या संघांत गणले जाता. समोरचा संघ बरोबरी पदरात पाडून घ्यायला येतो, तुमच्या घरच्या मैदानावर तर हमखास. त्याची फळी पेनल्टी बॉक्सच्या कडेला बसते. तुमच्या स्ट्रायकरचा वेग कमी झालेला नाही, त्याला पळायला जागा उरलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे: स्ट्रायकरचा रोल एकट्या स्ट्रायकरकडे बघून ठरवता येत नाही. मोकळी जागा कुठे आहे, स्ट्रायकर हलला तर मागे राहिलेली जागा कोण वापरणार, आणि त्याच्या पायापर्यंत बॉल कोण पोचवणार, एवढं ठरलं की रोलचे पर्याय एक-दोनवर येतात. खेळाडूच्या नावाजवळचं रोलचं वर्तुळ पूर्ण हिरवं दिसतंय म्हणून तो रोल देऊन टाकणं, हे बहुतेक अडकलेल्या सेव्हमध्ये (म्हणजे लोकांच्या चालू खेळांत) मला दिसतं. ते वर्तुळ त्या खेळाडूबद्दल सांगतं. तुमच्या बाकीच्या दहा जणांबद्दल ते काहीही सांगत नाही.

आता एक काम करा. शेवटचा कोरडा गेलेला घरचा सामना उघडा आणि मॅच ॲनालिसिसमध्ये सरासरी जागांचा नकाशा बघा, बॉल आपल्याकडे असतानाचा. तुमच्या सेटअपमध्ये तो नकाशा कसा दिसणार ते मी न बघताही सांगू शकतो. नऊ नंबरचा (स्ट्रायकर) आणि दहा नंबरचा (त्याच्या मागचा शॅडो स्ट्रायकर) ठिपका जवळजवळ एकमेकांवर चढलेले. दोन्ही इनसाइड फॉरवर्ड आत झुकून त्यांच्या शेजारी आलेले. म्हणजे चार जण एका आडव्या रेषेत, समोरच्या बचावफळीला चिकटून. त्यांच्या मागे मोठा रिकामा पट्टा, आणि त्या पट्ट्याखाली तुमचे दोन मिडफिल्डर. बॉल त्या दोघांकडे येतो, त्यांना पुढे मान वळवून बघितलं तर पाठ करून उभे असलेले चार जण दिसतात, आणि पास द्यायला फळ्यांच्या मधोमध कुणीच नसतं. मग बॉल बाजूला जातो, तिथून गर्दीत क्रॉस येतो किंवा कुणीतरी वैतागून पंचवीस यार्डांवरून मारतो.

त्याच सामन्याचा शॉट मॅपही बघा. वीस शॉटचा मिळून एक्सजी (त्या संधींतून सरासरीने अपेक्षित गोल) समजा १.१ असेल, तर एका शॉटच्या वाट्याला ०.०५ च्या आसपास येतं. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या जवळपास धरतात, त्यावरून हे शॉट किती फुसके आहेत याचा अंदाज येईल. असे वीस शॉट म्हणजे वर्चस्व नव्हे. उलट, वीस शॉटचा एक्सजी अडीच असेल आणि तरी गोल नसेल, तर टॅक्टिकला हात लावायची गरज नाही. तिथे फिनिशिंग, कंपोजर, आत्मविश्वास आणि थोडं नशीब यांचा प्रश्न असतो, आणि तो चार-पाच सामन्यांत बहुधा सुटतो. आधी हे दोन आजार वेगळे करा. औषध वेगवेगळं आहे.

तुमचा आजार पहिल्या प्रकारचा आहे असं धरून पुढे जातो.

ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड आणि शॅडो स्ट्रायकर ही जोडी कागदावर आक्रमक वाटते. पण दोघांनाही एकाच जागी जायचं असतं. शॅडो स्ट्रायकरचं सगळं सार त्याच्या उशिरा येण्यात आहे: तो मागून, वेगात, समोरचा स्ट्रायकर जिथून नुकताच हलला त्या जागेत घुसतो. समोरचा स्ट्रायकर हललाच नाही तर तो कुठे घुसणार? म्हणून शॅडो स्ट्रायकर ठेवायचा असेल तर पुढचा माणूस खाली येणारा हवा: डीप लाइंग फॉरवर्ड सपोर्ट ड्युटीवर (ड्युटी म्हणजे त्या रोलने किती पुढे जायचं: डिफेन्ड, सपोर्ट की अटॅक), किंवा खेळाडू तितका चांगला असेल तर कम्प्लीट फॉरवर्ड सपोर्टवर. आणि ॲडव्हान्स्ड फॉरवर्डच ठेवायचा असेल, तर दहा नंबरला ॲडव्हान्स्ड प्लेमेकर किंवा साधा अटॅकिंग मिडफिल्डर सपोर्टवर करा, म्हणजे तो रिकामा पट्टा भरेल. दोन्ही मार्ग चालतात. खाली बसलेल्या संघासमोर मी पहिला निवडतो.

कारण असं. स्ट्रायकर खाली उतरला की समोरच्या सेंटर बॅकपुढे पेच उभा राहतो. त्याच्या मागोमाग गेलं तर फळीत भोक पडतं, नाही गेलं तर स्ट्रायकरला वळायला वेळ मिळतो. हा पेच खेळातल्या मॅच इंजिनने शोधलेला नाही. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं, तेव्हा नांदोर हिदेगकुटी नऊ नंबरची जर्सी घालून मधल्या फळीत वावरत होता आणि इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन त्याच्या मागे जावं की जागा धरावी यात अडकला. हिदेगकुटीने स्वतः तीन गोल केले. २ मे २००९ ला बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ ने हरवलं, तेव्हा मेस्सी फॉल्स नाइन (पुढून खाली उतरणारा स्ट्रायकर) होता. त्या सामन्याची आठवण सांगताना लोक मेस्सीवर थांबतात, मी म्हणतो थिएरी आन्रीकडे बघा. एटो उजवीकडे, आन्री डावीकडे, आणि मेस्सीने रिकाम्या केलेल्या जागेत हे धावत होते. आन्रीचेही त्या दिवशी दोन गोल आहेत. धावणारे नसते, तर खाली आलेला मेस्सी हा फक्त एक जास्तीचा मिडफिल्डर ठरला असता.

म्हणून फॉल्स नाइन लावायचा असेल तर आधी मोजा: माझ्या टॅक्टिकमध्ये अटॅक ड्युटीवर धावणारे किती आहेत? निदान दोन हवेत, आणि त्यातला एक तरी मधून जाणारा असावा. दोन्ही बाजूंना विंगर सपोर्टवर, मध्ये फॉल्स नाइन आणि मागे प्लेमेकर अशी रचना मी पुष्कळ सेव्हमध्ये बघतो. बॉल छान फिरतो, पासची टक्केवारी डोळ्यांत भरते, आणि बॉक्समध्ये कुणी नसतं.

आता तुमच्या ४-२-३-१ मध्ये नेमकं काय करायचं ते सांगतो. पुढे डीप लाइंग फॉरवर्ड सपोर्टवर. मागे शॅडो स्ट्रायकर, तोच ठेवा. डावा इनसाइड फॉरवर्ड अटॅकवर तसाच. उजवीकडचा मात्र बदला: तिथे साधा विंगर, सपोर्टवर, रेषेला चिकटून. त्यामुळे समोरचा लेफ्ट बॅक बाहेर ओढला जातो आणि त्याच्या आणि सेंटर बॅकच्या मध्ये फट पडते. शॅडो स्ट्रायकरला तीच फट हवी असते. डाव्या बाजूला इनसाइड फॉरवर्ड आत जाणार, म्हणून तिथे रुंदी द्यायला विंग बॅक पुढे हवा. उजवीकडचा फुल बॅक सपोर्टवर, जरा मागे, म्हणजे काउंटर आला तर तीन जण जागेवर असतील. मधल्या दोघांपैकी एक डिफेन्ड ड्युटीवर, दुसरा डीप लाइंग प्लेमेकर सपोर्टवर. ते दोघे डिफेन्सिव्ह मिडफिल्डच्या पट्टीत असतील तर एकाला सेगुंदो व्होलांते करून बघा. तो उशिरा, मागून येतो, आणि खाली बसलेल्या संघाला बॉक्सच्या तोंडाशी आलेला असा पाचवा माणूस पकडणं फार जड जातं.

इतकं केल्यावर सरासरी जागांचा नकाशा पुन्हा काढा. नऊ नंबर दहाच्या शेजारी किंवा थोडा खाली दिसला, डावा फॉरवर्ड दोघांच्याही वर दिसला, आणि उजवा विंगर मैदानाच्या कडेला दिसला, तर रचना बरोबर बसली.

मेंटॅलिटीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण गोल होत नाही म्हटल्यावर पहिला हात तिथेच जातो. पॉझिटिव्हवरून अटॅकिंग, अटॅकिंगवरून व्हेरी अटॅकिंग. याने तुमचे सगळेच खेळाडू आणखी पुढे सरकतात, टेम्पो वाढतो, पास घाईने पुढे जातात. समोरची फळी आधीच खाली आहे, तुम्ही तिला आणखी खाली रेटता. जागा वाढायच्या ऐवजी कमी होते. भरलेल्या लोकलच्या दारातून आत शिरायला आणखी दहा जणांनी मागून ढकलावं, तसा हा प्रकार. मी उलट करतो: मेंटॅलिटी बॅलन्स्ड किंवा पॉझिटिव्ह, डिफेन्सिव्ह लाइन एक पायरी खाली, आणि प्रेसिंग हाय प्रेसवरून मिड ब्लॉकवर. समोरच्या संघाला आपल्या अर्ध्यात थोडं येऊ द्यायचं. तो आला की मग त्याच्या पाठीमागे जागा उघडते, आणि बॉल हिसकावल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत तुमच्या वेगवान खेळाडूंना पहिल्या हंगामासारखं मैदान मिळतं. काही संघ मात्र काही केल्या बाहेर येत नाहीत. त्यांच्यासमोर रुंदी वाढवा आणि लांबून शॉट मारायची सवय मोडायला वर्क बॉल इंटू बॉक्स (बॉल बॉक्समध्ये नेऊनच शॉट मारा) ही सूचना चालू करा. पण त्याच्या जोडीला ड्रिबलिंग करणारा एखादा तरी खेळाडू हवा. नाहीतर बॉल बॉक्सभोवती नुसता फिरत राहील.

बाकीच्या रोलबद्दल माझं मत सांगतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळे सारखे उपयोगाचे नाहीत.

पोचर आणि ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड लोक एकच समजतात. दोघेही शेवटच्या बचावपटूच्या खांद्यावर असतात, इथपर्यंत खरं. पण ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड चॅनलमध्ये (सेंटर बॅक आणि फुल बॅकच्या मधल्या फटीत) सरकतो, बॉल घेऊन धावतो, बाजूला जाऊन एखाद्याला ओढून आणतो. पोचर यातलं फारसं काही करत नाही. तो वाट बघतो. एकटा स्ट्रायकर म्हणून पोचर लावला तर बॉल फिरवताना तुम्ही दहा जणांनिशी खेळता. दोन स्ट्रायकर असतील, आणि दुसरा कष्टाळू असेल, तर मात्र पोचरसारखा धारदार रोल नाही. इथे खेळाडूचे ॲट्रिब्यूट वेगळ्या नजरेने वाचा. फिनिशिंग १६ (२० पैकी) बघून हुरळू नका. ऑफ द बॉल आणि ॲन्टिसिपेशन दोन्ही १० असतील तर तो योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचणारच नाही, आणि ते १६ वाया जातं. फिनिशिंग १३, ऑफ द बॉल १६, कंपोजर १५ आणि ॲक्सिलरेशन १५ असलेला खेळाडू मी डोळे झाकून आधी घेईन. त्याला संधी जास्त मिळतील, आणि संधीच जास्त असल्या की फिनिशिंगमधला तीन अंकांचा फरक भरून निघतो.

डीप लाइंग फॉरवर्डसाठी फर्स्ट टच, पासिंग, टेक्निक, कंपोजर, डिसिजन्स आणि टीमवर्क बघा. वेग नसला तरी चालतो, आणि म्हणूनच वय वाढलेल्या चांगल्या स्ट्रायकरला या रोलवर आणखी दोन-तीन हंगाम सहज मिळतात. ताकद आणि बॅलन्स बरा असावा, कारण पाठीवर बचावपटू घेऊन बॉल थांबवायचा असतो. याचे स्वतःचे गोल कमी होतील. ते गोल शॅडो स्ट्रायकर आणि डाव्या फॉरवर्डकडे वळलेले दिसतील, तेव्हा स्ट्रायकरच्या गोलांचा रकाना बघून घाबरू नका. २०१८ च्या विश्वचषकात ऑलिव्हिए जिरूने एकही गोल केला नाही, आणि फ्रान्स विश्वविजेता झाला. एम्बापे आणि ग्रीझमन यांचे प्रत्येकी चार गोल होते. जिरू पाठ करून बॉल धरायचा, सेंटर बॅकना स्वतःत गुंतवून ठेवायचा, आणि त्याच्या आजूबाजूने बाकीचे धावायचे. खेळाच्या भाषेत हे टार्गेट फॉरवर्ड सपोर्टच्या जवळ जातं.

टार्गेट फॉरवर्डचं नाव निघालंच आहे तर एक सावधगिरी. हा रोल दिला की तुमचे बाकीचे खेळाडू त्याला लवकर शोधायला लागतात. तुम्ही गोलकीपरपासून छोट्या पासने बॉल बाहेर काढायची टॅक्टिक बांधली असेल, तर ती या एका रोलने विस्कटू शकते. जिथे लांब बॉल हाच मार्ग आहे तिथे तो सोन्यासारखा आहे. जंपिंग रीच आणि हेडिंग वेगळे वाचायचे: पहिला किती उंच पोचतो ते सांगतो, दुसरा पोचल्यावर बॉल कुठे जाईल ते. नुसता उंच पण हेडिंग ८ असलेला खेळाडू बॉल जिंकून समोरच्यालाच देतो. ब्रेव्हरीही बघा, गर्दीत उडी मारायची असते.

प्रेसिंग फॉरवर्ड हा लहान क्लबचा सर्वांत चांगला मित्र आहे, हे मी मनापासून सांगतो. वर्क रेट, स्टॅमिना, ॲग्रेशन, टीमवर्क असलेले आणि फिनिशिंगमध्ये मध्यम असलेले स्ट्रायकर बाजारात स्वस्त मिळतात. अटॅक ड्युटीवर तो एकटा पुढे चालतो, सपोर्टवर जोडीदाराबरोबर अधिक शोभतो. २०१५-१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली तेव्हा जेमी वार्डीचे लीगमध्ये २४ गोल झाले आणि शिन्जी ओकाझाकीचे फक्त पाच. पण ओकाझाकीने केलेली धावपळ काढून टाका, वार्डीला तितकं मोकळं मैदान मिळालं असतं का, याचा विचार करा. खेळात ही जोडी प्रेसिंग फॉरवर्ड सपोर्ट आणि ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड किंवा पोचर अशी उतरते. एवढंच लक्षात ठेवा की असा खेळाडू सत्तराव्या मिनिटाला दमतो. बेंचवर त्याच जातीचा दुसरा ठेवा.

कम्प्लीट फॉरवर्ड फार लोकांना देऊन टाकला जातो. सगळं थोडं थोडं येणाऱ्याचा हा रोल नाही, तुमच्या लीगच्या मानाने जवळपास सगळ्यातच सरस असणाऱ्याचा आहे. तसा खेळाडू हाताशी असेल तर सपोर्ट ड्युटीवर त्याच्याइतकं सुख कुणी देत नाही. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये हॅरी केनने २३ गोल आणि १४ असिस्ट केले, दोन्हीत लीगमध्ये पहिला. तो खाली यायचा, वळायचा, आणि त्याचा सहखेळाडू सॉन धावायचा. ट्रेकार्टिस्टाबद्दल एवढंच: तो बचावात भाग घेत नाही, त्याचं ओझं इतर दहा जणांवर पडतं, आणि संघ मजबूत असल्याशिवाय ते परवडत नाही.

रोल निवडताना खेळाडूचे ट्रेट्स जरूर वाचा. ज्याला ऑफसाइड ट्रॅप मोडायची सवय आहे त्याला डीप लाइंग फॉरवर्ड करून फायदा नाही, तो पुन्हा पुन्हा वर पळेल. ज्याला बॉल घ्यायला खाली यायची सवय आहे तो पोचर म्हणून जागेवर थांबणार नाही. ट्रेट बदलायला ट्रेनिंगमध्ये महिने जातात, रोल बदलायला एक क्लिक. म्हणून आधी ट्रेटला जुळणारा रोल शोधा.

फॉर्मेशन खरोखर कधी बदलावी? २०२४ च्या आवृत्तीत तुम्ही स्क्रीनवर आखता ती रचना मुख्यतः बॉल समोरच्याकडे असतानाची असते. बॉल आपल्याकडे असताना रचना रोल आणि ड्युटीतून घडते. हे नीट समजलं की फॉर्मेशनचा प्रश्न बराचसा बचावाचा प्रश्न ठरतो. ४-२-३-१ मध्ये बाजूचे दोघे वरच्या पट्टीत असतात, त्यामुळे प्रेस जोरात होतो पण फुल बॅक उघडा पडतो. तुमच्यावर गोल बाजूने, क्रॉसवरून होत असतील, तर ४-४-२ किंवा ४-१-४-१ चा विचार करा. गोल मधून होत असतील तर ४-३-३, डिफेन्सिव्ह मिडफिल्डरसह. तुमचे गोल होत नाहीत एवढ्याच कारणाने फॉर्मेशन बदलू नका, ते काम रोलचं आहे.

याला एक अपवाद आहे. तुमच्याकडे दोन खरोखर चांगले स्ट्रायकर असतील आणि विंगर कामचलाऊ असतील, तर दोन स्ट्रायकरच्या रचनेकडे जाणंच शहाणपणाचं. ४-४-२ मध्ये एक खाली येणारा आणि एक पळणारा, ही जोडी जवळजवळ कधीच वाया जात नाही. दोघांनाही अटॅक ड्युटी दिली तर तुमच्या मधल्या दोघांवर फार भार येतो आणि तीन मिडफिल्डरवाला संघ तुम्हाला मधून कापून काढतो. ३-५-२ मध्ये तो भार कमी होतो, पण तिथे सगळी रुंदी दोन विंग बॅकवर असते. त्यांचा स्टॅमिना आणि वर्क रेट १४ च्या खाली असेल तर वरच्या लीगमध्ये हा उद्योग करू नका.

फॉर्मेशन बदलायचीच असेल तर प्रीसीझनमध्ये बदला. तीन टॅक्टिक स्लॉट आहेत, त्यांचा उपयोग करा: पहिल्यात मुख्य, दुसऱ्यात तीच फॉर्मेशन पण खाली बसलेल्या संघासाठी बदललेल्या रोलसह, तिसऱ्यात आघाडी टिकवायची रचना. फॅमिलियॅरिटीच्या पट्ट्या (टॅक्टिक खेळाडूंच्या किती अंगवळणी पडली ते दाखवणाऱ्या) तिन्हीत भरू द्या. मध्य हंगामात अनोळखी फॉर्मेशन आणली तर सुरुवातीचे सामने खेळाडू गोंधळलेले राहतात, आणि तुम्हाला कळत नाही की टॅक्टिक वाईट आहे की नवीन आहे.

रोल मात्र सामन्याच्या मध्येही बदलता येतो, आणि यात लीगचे बरेच गुण (पॉइंट) दडलेले आहेत. पहिल्या अर्ध्यात डीप लाइंग फॉरवर्डने कोंडी फोडली, तुम्ही १-० पुढे गेलात, तर समोरचा संघ आता वर येणार. त्याच्या मागे जागा उघडणार. हीच वेळ तुमच्या वेगवान ॲडव्हान्स्ड फॉरवर्डची, म्हणून सुरुवातीला त्याला बेंचवर ठेवण्यात काही वावगं नाही. साठाव्या मिनिटाला, दमलेल्या सेंटर बॅकसमोर त्याचा १६ पेस १८ सारखा वाटतो. सब उरला नसेल तर आहे त्याच खेळाडूचा रोल बदला. शेवटची दहा मिनिटं एका गोलाच्या आघाडीवर काढायची असतील तर प्रेसिंग फॉरवर्ड डिफेन्ड ड्युटीवर टाका. तो समोरच्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डरवर बसतो आणि त्यांचा खेळ सुरू होण्याआधीच अडतो.

ही रचना बसवल्यानंतरचे बदल करताना एका वेळी एकच करा, आणि तो चार-पाच सामने तसाच राहू द्या. त्यातले किमान दोन सामने एक्स्टेंडेड किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह हायलाइट्सवर बघा. फक्त की हायलाइट्स बघणाऱ्याला संधी दिसतात, पण संधी का तयार होत नाहीत हे दिसत नाही. स्ट्रायकरला बॉल मिळतो त्या क्षणी थांबवा आणि बघा: त्याच्यापासून दहा-पंधरा यार्डांत आपला कुणी आहे का, आणि त्याच्या पुढे कुणी धावतोय का. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर दहा नंबर खाली घ्या. दुसऱ्याचं नाही असेल तर बाजूच्या एकाला अटॅक ड्युटी द्या.

तुम्ही पुढे २०२६ च्या आवृत्तीवर जाणार असाल तर हेही लक्षात घ्या: तिथे ड्युटी काढून टाकल्या आहेत, आणि बॉल आपल्याकडे असतानाची व नसतानाची फॉर्मेशन वेगवेगळी आखता येते, रोलही दोन्हीसाठी वेगळे. त्यामुळे वर सांगितलेला सपोर्ट आणि अटॅकचा मेळ तिथे थेट रोलच्या निवडीतून साधायचा आहे. जमेची बाजू ही की स्ट्रायकर बचावात कुठे उभा राहणार हे तुम्ही आता स्वतंत्रपणे ठरवू शकता. खाली बसणाऱ्या संघाविरुद्ध त्याला बॉल नसताना वरच ठेवा, आणि बॉल आल्यावर खाली उतरू द्या.